संगणकाच्या स्मृतीचा ताळा

शाळेच्या संगणक कक्षातील एखादा संगणक अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कधी निळा पडदा दाखवून थांबतो, तर कधी काल व्यवस्थित उघडलेली फाइल आज खराब झाल्याचे सांगतो. गोंदिया जिल्ह्यातील आमगाव, देवरी किंवा अर्जुनी मोरगावकडच्या शिक्षकांना हा प्रकार नवा नसेल. अशा वेळी दोष बहुधा व्हायरसच्या माथी मारला जातो. डिस्क पुसून सगळे सॉफ्टवेअर पुन्हा भरले जाते. आठवड्याभरात तोच त्रास सुरू झाला, की यंत्रावर कापड टाकले जाते आणि कालांतराने ते भंगारात जमा होते. काही वेळा या साऱ्याच्या मुळाशी असते ती फक्त बोटभर रुंदीची एक पट्टी, म्हणजे संगणकाची स्मृती, जिला आपण मेमरी किंवा रॅम म्हणतो. ती पट्टी बदलली, की बाकीचे यंत्र ठणठणीत असते.

बंद पडणारा संगणक निदान आपले दुखणे जाहीर तरी करतो. त्याहून अवघड प्रकार म्हणजे स्मृतीत दोष असूनही काम करीत राहणारा संगणक. समजा, एका विद्यार्थ्याचे गुण ६८ आहेत आणि ते द्विमान पद्धतीत ०१०००१०० असे साठवले आहेत. यातील ३२ च्या स्थानावरचे ० चुकून १ झाले, तर संख्या होते ०११००१००, म्हणजे १००. दुसऱ्या विद्यार्थ्याला ३५ गुण आहेत, म्हणजे ००१०००११. त्याच स्थानावरचा १ पुसला गेला, तर उरतात ३. एक मुलगा पैकीच्या पैकी गुण मिळवतो, दुसरा काठावर पास झालेला नापास होतो, आणि पडद्यावर चुकीची कोणतीही खूण दिसत नाही. प्रत्यक्षातील गणनपत्रके संख्या याहून गुंतागुंतीच्या रूपात ठेवतात, पण धोका याच जातीचा असतो.

ही केवळ कल्पना नाही. १८ मे २००३ रोजी बेल्जियममधील निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक येथे एका उमेदवाराला ४०९६ मते जास्त मिळाल्याचे आढळले. तिथे मिळू शकतील त्यापेक्षा आकडा मोठा होता, म्हणूनच शंका आली. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, द्विमान संख्येतील तेरावे स्थान. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही. तेव्हा स्मृतीतील एक बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. फरक नेमका दोनाच्या घाताएवढा असला, की संशयाची सुई प्रथम स्मृतीकडे वळते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

गळक्या बोड्यांचे शिवार

स्मृतीत दोष का येतो, हे कळण्यासाठी तिची रचना पाहावी लागेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कडीचे चुंबकन एका दिशेने असेल तर ०, उलट दिशेने असेल तर १. वीज गेली तरी कडीचे चुंबकन टिकून राही. पुढे आयबीएम कंपनीच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी एक ट्रान्झिस्टर आणि एक संधारित्र एवढ्यावर एक बिट साठवणारा कप्पा कल्पिला. त्याचे एकस्व त्यांना १९६८ साली मिळाले. आजच्या प्रत्येक संगणकातील आणि मोबाइलमधील मुख्य स्मृती याच तत्त्वावर चालते.

हा कप्पा म्हणजे एक छोटीशी बोडी समजा. संधारित्रात विद्युतभार असला की १, रिकामा असला की ०. भार तरी किती? अवघे काही दहा हजार इलेक्ट्रॉन. आणि बोडी गळकी आहे. भार सतत झिरपत असतो आणि काही वेळाने १ चा ० होऊ पाहतो. म्हणून संगणकातील मंडल दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला सुमारे सोळा वेळा, प्रत्येक कप्पा वाचते आणि जो भरलेला असेल तो पुन्हा काठोकाठ भरते. याला पुनर्भरण म्हणू. वीज गेली की पुनर्भरण थांबते आणि सारी स्मृती कोरी होते. न साठवलेले काम का जाते, याचे उत्तर इथे आहे.

आता गोंदियाच्या उन्हाळ्याचा विचार करा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पंखा अडकलेल्या, धुळीने भरलेल्या पेटीच्या आत तापमान त्याहूनही बरेच वर असते. तापमान वाढले की अर्धवाहकातील गळती झपाट्याने वाढते. दर दहा अंशांना ती साधारण दुप्पट होते, असा ढोबळ हिशेब आहे. चांगले कप्पे ८५ अंशांपर्यंत तग धरतील अशाच बेताने बनवलेले असतात. त्यापुढे पुनर्भरण दुप्पट वेगाने करावे लागते. पण कोट्यवधी कप्प्यांत एखादा जन्मतःच जास्त गळका असतो. डिसेंबरात तो ६४ मिलिसेकंद कसाबसा निभावतो, मे महिन्याच्या दुपारी मात्र त्याला ते जमत नाही. उन्हाळ्यात रुसणारा आणि पावसाळा लागला की सुधारणारा संगणक हा असा असू शकतो.

मात्र सगळे खापर उन्हावर फोडू नये. गूगल कंपनीच्या हजारो संगणकांच्या नोंदी तपासून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक स्मृतिपट्ट्यांमध्ये चुका आढळल्या. तिथल्या नियंत्रित हवेत तापमानाचा परिणाम थोडा दिसला. मोठा वाटा होता तो पट्टीतील कायमच्या दोषांचा. म्हणजेच दोष आधी पट्टीत असावा लागतो, उष्णता तो उघडा पाडते.

दोषांचे चार प्रकार

कप्पे एकेकटे नसतात. धानाच्या बांध्यांसारखे ते ओळीने, एकमेकांना लागून मांडलेले असतात. तेव्हा दोषही बांध्यांच्याच भाषेत समजून घेऊ.

पहिला प्रकार अडकलेल्या कप्प्याचा. काही केले तरी बांधी कोरडीच राहते किंवा ओलीच राहते. दुसरा प्रकार एकमार्गी कप्प्याचा. बांधी भरते, पण रिकामी करता येत नाही, किंवा याच्या उलट. तिसरा प्रकार शेजाऱ्याचा. एका बांधीत पाणी सोडले, की धुरा कच्चा असल्याने दुसरीत पाझरते. चौथा प्रकार पत्त्याचा. पाणी नववीत सोडायचे असते, पण पाटाची फाटी चुकल्याने ते तेराव्या बांधीत जाते. एकाच आसनक्रमांकावर दोन परीक्षार्थी बसवावेत, तसा हा घोळ असतो.

शेजाऱ्याच्या दोषाचे एक नवे रूप २०१४ साली पुढे आले. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की स्मृतीतील एकच ओळ फार वेगाने पुन्हापुन्हा उघडली, तर शेजारच्या ओळीतील बिट उलटू शकतात. त्यांनी तपासलेल्या १२९ पट्ट्यांपैकी ११० मध्ये हे घडले. कप्पे जितके बारीक आणि जवळजवळ, तितका धुरा पातळ, असाच याचा अर्थ.

तपासणी करायची कशी?

सरळ उपाय असा सुचेल, की स्मृती ज्या ज्या स्थितीत असू शकते ती प्रत्येक स्थिती लिहून वाचून पाहावी. पण हिशेब करा. ६४ बिटांच्या शक्य स्थिती २ चा ६४ वा घात एवढ्या होतात. सेकंदाला शंभर कोटी स्थिती तपासल्या, तरी सुमारे ५८४ वर्षे लागतील. आणि ४ गिगाबाइटच्या साध्या पट्टीत बिट आहेत सुमारे ३४३६ कोटी. सर्व स्थिती तपासणे कोणालाही शक्य नाही.

मग युक्ती करावी लागते. दोष कोणत्या प्रकारचे असू शकतात हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा तेच दोष हटकून उघडे पडतील अशी लिहिण्या-वाचण्याची मोजकी मालिका आखायची. अशा मालिकांना 'मार्च' चाचण्या म्हणतात, कारण त्या कूच करणाऱ्या पलटणीप्रमाणे पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत आणि परत अशा जातात. त्यांपैकी एक प्रसिद्ध मालिका अशी आहे:

१. सर्व कप्प्यांत ० लिहा.
२. पहिल्यापासून शेवटच्याकडे जा. प्रत्येक कप्प्यात ० आहे का वाचा, मग १ लिहा.
३. पुन्हा त्याच दिशेने. १ आहे का वाचा, मग ० लिहा.
४. आता शेवटच्यापासून पहिल्याकडे. ० वाचा, १ लिहा.
५. त्याच उलट दिशेने. १ वाचा, ० लिहा.
६. शेवटी सर्व कप्प्यांत ० आहे का वाचा.

प्रत्येक कप्प्यावर एकूण दहा क्रिया होतात. कप्पे दुप्पट झाले तर काम दुप्पट होते, त्याहून जास्त वाढत नाही. यामुळेच ही तपासणी आवाक्यात येते.

उलट दिशेची फेरी कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील आणि त्यांनी तो विचारावाच. समजा, नववी बांधी भरताना पाणी पाचवीत पाझरते. पहिल्या फेरीत आपण एकपासून भरत गेलो, तेव्हा नववीकडे पोहोचेपर्यंत पाचवी आधीच भरलेली आहे. तिच्यात आणखी पाणी आले तरी कळणार कसे? दोष झाकला जातो. उलट दिशेने आलो तर नववी आधी भरते. पाचवीकडे आपण पोहोचतो तेव्हा ती कोरडी असायला हवी, पण ती ओली सापडते. चोर पकडला गेला. पाचवी भरताना नववीत पाझरत असेल, तर तो दोष सरळ फेरीत सापडतो. म्हणून दोन्ही दिशा लागतात.

तपासनीस प्रोग्राम

या विचारावर आधारलेली साधने बरीच वर्षे उपलब्ध आहेत. क्रिस ब्रॅडी यांनी १९९४ च्या सुमारास 'मेमटेस्ट८६' हा प्रोग्राम लिहिला. त्यावरून २००४ साली सॅम्युएल डेमेल्मिस्टर यांनी 'मेमटेस्ट८६ प्लस' तयार केला. हा प्रोग्राम मुक्त आहे. तो कोणीही विनामूल्य घेऊ शकतो, वापरू शकतो आणि त्याची घडण वाचूही शकतो. त्याची नव्याने लिहिलेली सहावी आवृत्ती २०२२ साली आली. विंडोजमध्येही व्हिस्टापासून 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' नावाचे साधन आहे. ते स्टार्ट मेनूत शोधले की सापडते. ते तुलनेने जुजबी असले तरी सुरुवातीला पुरेसे आहे.

मेमटेस्ट पेनड्राइव्हवरून चालवावा लागतो, विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्यापूर्वी. कारण साधे आहे. विंडोज सुरू झाले की स्मृतीचा मोठा भाग तेच व्यापते आणि त्या भागात दुसऱ्या कोणाला ढवळाढवळ करू देत नाही. भाडेकरू घरात असताना जमीन उकरून पाहता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. एक अडचण तरीही उरते. तपासणारा प्रोग्राम स्वतःही स्मृतीतच बसलेला असतो. म्हणून तो एक भाग तपासून झाला की आपले बिऱ्हाड तिकडे हलवतो आणि मग मागची जागा तपासतो. डिस्कवरील फायलींना तो हात लावत नाही. त्यामुळे शाळेचे दप्तर सुरक्षित राहते.

या साधनात मार्चसारख्या फेऱ्यांबरोबर इतरही चाचण्या असतात. एकीत प्रत्येक कप्प्यात त्याचाच पत्ता लिहितात. दोन पत्ते एकाच जागी जात असतील तर ते लगेच उघड होते. एकीत यदृच्छ संख्या लिहितात. एकीत सगळी स्मृती भरून काही मिनिटे थांबतात आणि मग वाचतात. रात्री भरलेली बोडी सकाळी किती उतरली हे पाहण्यासारखी ही चाचणी आहे. सगळ्या चाचण्यांची एक फेरी पूर्ण व्हायला स्मृतीच्या आकारमानाप्रमाणे अर्ध्या तासापासून काही तास लागतात.

शाळेत वापरताना

सायंकाळी शाळा सुटताना चाचणी लावावी आणि सकाळी निकाल पाहावा, हे सोयीचे. मात्र संगणक उन्हाळ्यातच त्रास देत असेल, तर एप्रिल-मेच्या दुपारीही एक चाचणी घ्यावी. वीज जाण्याचा भरवसा नसेल तिथे यूपीएस हवाच, नाहीतर चाचणी अर्ध्यावर राहते.

चूक सापडली, की पडद्यावर पत्ता, लिहिलेले मूल्य आणि वाचलेले मूल्य दिसते. स्मृतीच्या बाबतीत 'एक-दोन चुका चालतील' असे नसते. अपेक्षित संख्या शून्य. चूक दिसली तरी लगेच पट्टी फेकू नये. संगणक बंद करून वीजजोडणी काढावी, हात एखाद्या धातूला लावून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी आणि पट्टी बाहेर काढावी. पावसाळ्यातील दमटपणाने व धुळीने तिच्या सोनेरी टोकांवर पुट चढते. ते पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच घासून काढावे, पट्टी पुन्हा घट्ट बसवावी आणि चाचणी परत घ्यावी. कित्येक 'खराब' पट्ट्या एवढ्यावर सुधारतात.

तरीही चूक राहिली, तर एका वेळी एकच पट्टी ठेवून चाचणी करावी. चूक पट्टीबरोबर दुसऱ्या खाचेत गेली, तर दोष पट्टीचा. पट्टी बदलूनही चूक त्याच खाचेत राहिली, तर दोष खाचेचा किंवा मदरबोर्डचा. प्रत्येक पट्टी प्रत्येक खाचेत चुका दाखवत असेल, तर वीजपुरवठ्याचा डबा किंवा प्रोसेसर तपासायला हवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथे तंतोतंत लागू पडतो.

याला आज विशेष महत्त्व आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि त्यामुळे कितीतरी जुने संगणक टाकाऊ ठरवले जात आहेत. त्यांतील पुष्कळांवर लिनक्स उत्तम चालू शकते. यंत्र मोडीत काढण्यापूर्वी एक रात्र त्याची स्मृती तपासली, तर एखाद्या पट्टीच्या किमतीत मुलांना आणखी काही वर्षे संगणक मिळेल.

निकालाचा अर्थ

चाचणीत चूक सापडली, तर दोष आहे हे सिद्ध झाले. पण चूक सापडली नाही, तर स्मृती निर्दोष आहे हे सिद्ध होत नाही. आपण आखलेल्या मालिकेत, त्या वेळच्या तापमानाला दोष दिसला नाही, एवढेच खरे. म्हणून फेऱ्या एकाहून अधिक घ्याव्यात.

काही चुका तर कोणत्याही पूर्वतपासणीत सापडणार नाहीत. १९७८ साली इंटेल कंपनीतील टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवले, की चिपच्या आवरणातील युरेनियम व थोरियमच्या सूक्ष्म अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवू शकतात. विश्वकिरणांमुळे वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रॉनही हेच करतात. कप्पा निरोगी असतो. एकदाच धक्का बसतो आणि खूण मागे उरत नाही.

त्यावर उपाय आपल्या अंकगणितातच आहे. गुणाकार केल्यावर आपण नवाचा ताळा घेतो. थोडी जास्तीची आकडेमोड करून मूळ उत्तर बरोबर आहे का ते पाहतो. सर्व्हर-संगणकांत प्रत्येक ६४ बिटांबरोबर ८ जादा बिट असेच ताळ्यासाठी ठेवलेले असतात. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली मांडलेल्या पद्धतीचा विस्तार करून त्यांच्या आधारे एक उलटलेला बिट जागच्या जागी दुरुस्त करता येतो आणि दोन उलटले तर ते ओळखता येतात. शाळा-कार्यालयांतील साध्या संगणकांत ही सोय सहसा नसते. म्हणून तिथे ताळा माणसाने घ्यायचा. निकालपत्रकातील बेरजा हाताने पडताळणे, महत्त्वाच्या फायलींच्या प्रती वेगळ्या यंत्रावर ठेवणे आणि सत्राच्या सुरुवातीला एकदा स्मृतिचाचणी घेणे, एवढे तरी करावे.

वर्गात करून पाहा

सोळा विद्यार्थ्यांना चार-चारच्या चार ओळींत बसवून १ ते १६ क्रमांक द्या. प्रत्येकाच्या हाती पाटी. तो म्हणजे एक कप्पा. दोन विद्यार्थ्यांना तपासनीस म्हणून वर्गाबाहेर पाठवा. पाचव्या विद्यार्थ्याला गुपचूप सांगा, 'नववा ० पुसून १ लिहील, तेव्हा तूही पाटीवर १ लिही.' आता तपासनिसांना बोलवा. आधी त्यांना एकापासून सोळापर्यंत क्रमाने सर्वांना १ लिहायला सांगून वाचू द्या, मग ० लिहायला सांगून वाचू द्या. सगळे बरोबर दिसेल. स्मृती निर्दोष असल्याचे ते जाहीर करतील. नंतर वरची सहा पायऱ्यांची मालिका चालवा. चौथ्या पायरीत पाचवा पकडला जाईल. एकूण १६० क्रिया होतील आणि एका तासिकेत खेळ आटोपेल.

त्यानंतर विद्यार्थ्यांनाच नवा दोष शोधायला सांगा, जो या मालिकेलाही चकवेल. उदाहरणार्थ, नववा आणि दहावा दोघेही १ असतील आणि अकरावा ०, तेव्हाच चुकणारा कप्पा त्यांना सुचतो का ते पाहा. मग तो पकडायला मालिकेत काय भर घालावी लागेल, हेही त्यांनाच ठरवू द्या.